पाहत राहण्याचे वकीलपत्र : लंडनमधील रोमन अवशेष व नगरातील नवी बांधकामे

इंग्लंडमधील पुरातत्त्वज्ञांच्या व्यवहारात ‘वॉचिंग ब्रीफ’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. शहरात नव्या इमारतीचा पाया खणला जात असता पुरातत्त्वज्ञाने खड्ड्याच्या कडेला उभे राहून खोदकाम पाहावे, जुने अवशेष दिसू लागताच काम थांबवावे व त्यांची नोंद करावी, या कामगिरीचे हे नाव आहे. शब्द मूळचा न्यायालयातला. ज्या दाव्यात आपला अशील वादीही नाही व प्रतिवादीही नाही, परंतु ज्याच्या निकालाने त्याच्या हितास बाध येण्याचा संभव आहे, अशा दाव्याच्या कामकाजावर नजर ठेवण्यासाठी वकिलास दिलेले वकीलपत्र, असा त्याचा कायद्यातील अर्थ आहे. पुरातत्त्वाने केलेली ही उसनवारी मोठी सार्थ आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. इमारत बांधणारा मालक, नगरनियोजन अधिकारी आणि कंत्राटदार हे तिघे या व्यवहारातील पक्षकार होत. खड्ड्याच्या कडेला उभा असलेला मनुष्य ज्याच्या वतीने पाहतो तो अशील मात्र तेथे हजर नसतो. तो एकतर एकोणीस शतकांपूर्वी मरून गेलेला असतो, किंवा अद्याप जन्मास यावयाचा असतो.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर लंडनमधील एका बांधकामाच्या खड्ड्यातच सापडते. रोमन ब्रिटनमधील लॅटिन भाषेचे जे अस्सल पुरावे आज आपल्या हाती आहेत, त्यांतील एक फार मोलाचा गट नव्या कचेरीचा पाया खणताना केलेल्या उत्खननातून आला आहे. तो हाती कसा आला आणि थोडक्यात कसा निसटला असता, हे समजून घेतल्यावाचून त्या पुराव्याचे मोलही नीट कळावयाचे नाही.

रोमनांनी इ. स. ४३ मध्ये ब्रिटनवर स्वारी केली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत थेम्स नदीच्या उत्तर तीरावर लोंदिनिउम हे नगर उभे राहिले. पोल्ट्री या रस्त्यालगतच्या उत्खननात सापडलेल्या एका लाकडी गटाराचे वय वृक्षवलयांवरून इ. स. ४७–४८ असे ठरले आहे. पुढे या जागेवर घरे जळाली, पडली, पुन्हा बांधली गेली, भरावावर भराव पडत गेला. आज लंडनच्या मध्यवस्तीत काही ठिकाणी रस्त्याच्या पातळीखाली सुमारे सात मीटरवर रोमन जमीन लागते. नगराच्या मधून वॉलब्रुक नावाचा ओढा वाहत असे. आता तो दिसत नाही, केवळ एका रस्त्याच्या नावात उरला आहे. परंतु त्याच्या खोऱ्यातील चिखल अद्याप ओला आहे. अशा चिखलात प्राणवायू पोहोचत नाही आणि म्हणून लाकूड, चामडे, विणलेल्या वस्तू इत्यादी जे पदार्थ अन्यत्र काही वर्षांतच कुजून जातात, ते येथे शतकानुशतके टिकतात. हे लक्षात ठेवले पाहिजे, कारण पुढील सर्व कथा या चिखलाची आहे.

दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावाने लंडनच्या जुन्या नगरीचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. नव्या इमारती उभ्या राहण्यापूर्वी या मोकळ्या जागांचा शोध घ्यावा म्हणून रोमन व मध्ययुगीन लंडनच्या उत्खननासाठी एक मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या कार्याची धुरा डब्ल्यू. एफ्. ग्राइम्स यांच्याकडे आली. पैसा थोडा, माणसे थोडी आणि बांधकामाच्या तारखा ठरलेल्या, अशा स्थितीत त्यांनी काम केले. वॉलब्रुकच्या खोऱ्यात बकलर्सबरी हाऊस ही मोठी इमारत व्हावयाची होती. तेथे ग्राइम्स यांनी खणलेल्या चरांत एक रोमन मंदिर लागले. १८ सप्टेंबर १९५४ रोजी, म्हणजे उत्खननाच्या ठरलेल्या मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी, संगमरवराचे एक सुंदर मस्तक हाती आले व ते मंदिर मिथ्रास या देवतेचे असल्याचे निश्चित झाले. (या नावाचा आपल्या वैदिक मित्राशी व अवेस्तातील मिथ्राशी असलेला संबंध वाचकांस ज्ञात आहेच. रोमन पंथाचे इराणी देवतेशी नाते नेमके किती, हा मात्र वादाचा विषय आहे.) वृत्तपत्रांतून छायाचित्र प्रसिद्ध होताच लोकांची रीघ लागली. पुढील दोन आठवड्यांत सुमारे चार लाख माणसांनी ते स्थळ पाहिले असे सांगतात. मंदिराचे काय करावे हा प्रश्न चर्चिल यांच्या मंत्रिमंडळापर्यंत गेला.

निर्णय झाला तो तडजोडीचा. मंदिराचे दगड काढून ठेवण्यात आले, इमारत ठरल्याप्रमाणे उभी राहिली आणि १९६२ मध्ये जवळच, मूळ जागेपासून सुमारे शंभर मीटरवर, रस्त्याच्या पातळीवरील एका चौथऱ्यावर मंदिराची पुन्हा मांडणी करण्यात आली. दगड मूळचे, पण त्यांना जोडणारा सिमेंट आधुनिक आणि जमिनीवरील वेड्यावाकड्या फरशा कोणा उद्यानाला शोभतील अशा. ग्राइम्स यांनाही ती मांडणी पसंत पडली नव्हती. जमिनीखाली सात मीटरवर, अर्धवट भूमिगत व काळोखात असलेले पूजास्थान उघड्यावर उचलून ठेवले की दगड वाचतात, मंदिर वाचत नाही. परंतु याहून मोठी हानी निराळीच होती. लोकांचे लक्ष मंदिराकडे लागलेले असता, त्याच्या सभोवतालची कित्येक मीटर जाडीची माती बांधकामाच्या यंत्रांनी उपसली व गाड्या भरून ती बाहेर गेली. तिच्याकडे पाहत राहण्याचे वकीलपत्र त्या काळी कोणाकडेही नव्हते.

ही स्थिती पालटण्यास पुढे पस्तीस वर्षे लागली. १९७३ मध्ये लंडनच्या जुन्या नगरीसाठी नागरी पुरातत्त्वाचा स्वतंत्र विभाग निघाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अहवालाने नगरीच्या भूगर्भातील इतिहासाचा फार मोठा भाग नव्या तळघरांमुळे आधीच नष्ट झाला असल्याचे दाखवून दिले. १९७९ च्या कायद्याने पुरातत्त्वीय महत्त्वाची क्षेत्रे जाहीर करण्याची सोय केली. परंतु त्याखाली जी पाच नगरे निवडण्यात आली, ती म्हणजे कँटरबरी, चेस्टर, एक्झिटर, हेरफर्ड व यॉर्क. लंडन त्यांत नव्हते! लंडनमध्ये काम चाले ते बांधकाम करणाऱ्या मालकांच्या सौजन्यावर. पुष्कळ मालकांनी ते सौजन्य दाखविले व पैसाही दिला हे नमूद केले पाहिजे. परंतु सौजन्य म्हणजे नियम नव्हे. १९८९ मध्ये हगिन हिल येथील रोमन स्नानगृहे आणि नदीपलीकडील रोझ हे एलिझाबेथकालीन नाट्यगृह या दोन प्रकरणांनी जो क्षोभ उसळला, त्यानंतर नोव्हेंबर १९९० मध्ये शासनाने नियोजन-धोरणाची सोळावी मार्गदर्शिका काढली.

त्या मार्गदर्शिकेतील तत्त्व सांगावयास सोपे आहे. पुरातत्त्वीय अवशेष ही पुन्हा निर्माण न होणारी संपत्ती असल्याने, बांधकामाची परवानगी देण्यापूर्वीच तिचा विचार झाला पाहिजे, आणि बांधकामामुळे हानी होणार असेल तर शोधकार्याचा खर्च बांधकाम करणाऱ्याने सोसला पाहिजे. २०१० मध्ये ती मार्गदर्शिका रद्द होऊन तिची जागा दुसऱ्या दस्तऐवजाने घेतली व २०१२ पासून हा विषय राष्ट्रीय नियोजन-चौकटीत समाविष्ट आहे. परंतु तत्त्व कायम राहिले. प्रत्यक्षात काम पायरीपायरीने चालते. प्रथम जुने नकाशे, पूर्वीच्या उत्खननांच्या नोंदी व तळघरांची खोली यांवरून जागेचा अंदाज बांधावयाचा. मग जुन्या इमारतीच्या तळघरातच लहान चाचणी-खड्डे घेऊन तो अंदाज पडताळावयाचा. त्यानंतर नियोजन अधिकारी ठरवितात की येथे पूर्ण उत्खनन हवे, की पायाची आखणीच बदलून अवशेष जागच्या जागी राखावयाचे, की केवळ देखरेख पुरे आहे.

देखरेख ही या पायऱ्यांतील सर्वांत खालची पायरी समजली जाते. जेथे फारसे काही मिळण्याचा संभव नाही, किंवा जेथे सांडपाण्याचे नळ वा विजेच्या तारा यांच्यासाठी अरुंद चर खणावयाचे आहेत, तेथे ती सांगितली जाते. वस्तुतः कसोटी लागते ती येथेच. माती उपसणारे यंत्र क्षणात जेवढे उचलते, तेवढे थापीने काढावयास दिवस लागेल. पुरातत्त्वज्ञाला त्या क्षणात मातीच्या रंगातील फरक, कोळशाची काळी रेघ, जळलेल्या भिंतीची तांबडी माती ओळखावी लागते आणि हात वर करून यंत्र थांबवावे लागते. प्रत्येक थांबण्याची किंमत कोणीतरी मोजत असते व ती मोजणारा मनुष्य पुष्कळदा शेजारीच उभा असतो. पुरातत्त्वज्ञाचे वेतनही त्याच मालकाच्या पैशातून येते, हा या पद्धतीतील अंगभूत ताण होय. निरनिराळ्या संस्थांनी कमी खर्चाच्या निविदा भरून काम मिळवावयाचे, ही १९९० नंतर रूढ झालेली रीत तो ताण वाढवते. अहवाल लिहिले जातात, नगरपालिकेच्या दफ्तरी जमा होतात व पुष्कळसे अप्रकाशितच राहतात. ‘नोंदीद्वारे जतन’ असा या पद्धतीत एक शब्दप्रयोग आहे. शब्दांचा व्यापार करणाऱ्या माणसास तो जरा खटकतो. नोंद म्हणजे जतन नव्हे. एका वस्तूचा नाश स्वीकारून तिच्या जागी दुसरी वस्तू, म्हणजे कागद, ठेवणे होय. अर्थात तो कागद चांगला असेल तर पुष्कळ काही वाचते, हेही तितकेच खरे.

कागद चांगला कशाने होतो? मातीचा प्रत्येक थर, प्रत्येक खड्डा, प्रत्येक भिंत यांस स्वतंत्र क्रमांक द्यावयाचा, प्रत्येकाचा स्वतंत्र आराखडा काढावयाचा, आणि कोण कोणाच्या वर आहे व कोणी कोणास छेदले आहे एवढेच आधी नोंदवावयाचे, ही ती पद्धत. एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये या संबंधांची मांडणी करण्यासाठी जी आकृती तयार केली, तिचा उपयोग लंडनच्या पुरातत्त्वज्ञांनी विशेष काटेकोरपणे केला. भाषेच्या इतिहासाच्या अभ्यासकास यात काही अपरिचित वाटू नये. दोन ध्वनिपरिवर्तनांपैकी एकाचे फळ दुसऱ्याला आयते मिळाले असेल, तर त्यांची शतके ठाऊक नसतानाही पहिले आधीचे व दुसरे नंतरचे, हे आपण ठामपणे सांगतो. थरांचेही तसेच आहे. आधी क्रम ठरतो. मग त्या क्रमातील एखाद्या थरात दिनांकित नाणे किंवा वलये मोजता येतील असा लाकडी वासा मिळाला की सबंध साखळीला वर्षे लाभतात.

आता पुन्हा वॉलब्रुककडे वळू. बकलर्सबरी हाऊस पाडून तेथे ब्लूमबर्ग कंपनीची कचेरी बांधण्याचे ठरले आणि २०१० ते २०१४ या काळात लंडन संग्रहालयाच्या पुरातत्त्व-शाखेने तेथे काम केले. १९५० नंतरच्या पायाने सर्व काही खाऊन टाकले असेल अशी समजूत सहज झाली असती. पण ओल्या मातीचे मोठे पट्टे शाबूत होते. चौदा हजारांहून अधिक वस्तू मिळाल्या. आणि त्यांत लाकडाच्या लहान लहान फळ्या होत्या, संख्या ४०५.

या फळ्या म्हणजे रोमनांच्या लेखनपाट्या. फळीच्या मध्यभागी उथळ खोलगट भाग कोरून त्यात काजळी मिसळलेल्या मेणाचा पातळ लेप देत आणि लोखंडी लेखणीने त्यावर लिहीत. मेण केव्हाच नाहीसे झाले आहे. परंतु लिहिणाऱ्याचा हात जड असला, की लेखणीचे टोक मेणातून खाली लाकडापर्यंत पोहोचे व तेथे ओरखडा उमटे. आपण आज वाचतो ते हे ओरखडे. पाटी पुनःपुन्हा वापरली गेली असेल, तर एका मजकुरावर दुसऱ्याचे व दुसऱ्यावर तिसऱ्याचे ओरखडे पडलेले असतात. वेगवेगळ्या बाजूंनी तिरपा प्रकाश टाकून प्रत्येक पाटीची अनेक छायाचित्रे घेण्यात आली आणि ती एकमेकांशी ताडून रॉजर टॉमलिन यांनी ऐंशीहून अधिक पाट्यांचे वाचन सिद्ध केले. तो ग्रंथ २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. यापूर्वी लंडनमधील वाचता येण्याजोग्या अशा पाट्या अवघ्या एकोणीस होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या संख्येचा अर्थ कळेल. पुष्कळ पाट्या सिल्व्हर फर या झाडाच्या लाकडाच्या आहेत. हे झाड ब्रिटनचे नव्हे. परदेशाहून माल भरून आलेली पिंपे मोडून त्यांच्या फळ्यांतून पाट्या केलेल्या दिसतात.

मजकूर व्यापारी पेठेतला आहे. एका पाटीवर वेनुस्तुसचा मुक्त केलेला दास तिबुल्लुस लिहून देतो की, विकत घेतलेल्या व ताब्यात मिळालेल्या मालाच्या किमतीपोटी आपण स्पुरिउसचा मुक्त केलेला दास ग्रातुस याचे १०५ देनारी देणे लागतो. तारीख ८ जानेवारी, इ. स. ५७. ब्रिटनमधील ज्ञात दिनांकित हस्तलिखितांत हे सर्वांत जुने होय. आपल्याकडील जुन्या कर्जरोख्यांची भाषा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या वाक्याचा घाट ओळखीचा वाटेल. दुसऱ्या एका पाटीत २१ ऑक्टोबर इ. स. ६२ या दिवशी वेरुलामिउमहून, म्हणजे आजच्या सेंट ऑल्बन्सहून, धान्यसामग्रीची वीस ओझी १३ नोव्हेंबरपर्यंत लंडनला पोहोचविण्याचा करार आहे. भाडे दर ओझ्यास पाव देनारिउस. इ. स. ६०–६१ मध्ये बूडिका राणीच्या बंडात ही दोन्ही नगरे जाळली गेली होती. तेव्हा त्यानंतर एक-दोन वर्षांतच त्यांच्यामधील मालवाहतूक सुरळीत चालू झाली होती, हे या साध्या हमालीच्या कराराने कळते. कोणा इतिहासकाराने ते लिहून ठेवलेले नाही.

या दोन पाट्या आपली तारीख आपल्या मुखाने सांगतात. प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाच्या आहेत त्या न सांगणाऱ्या. एका पत्रात कोणी आपल्या मित्रास बजावतो की, तू त्यांना कर्ज दिले आहेस अशी बढाई ते साऱ्या बाजारात मारीत आहेत, तेव्हा तुझ्याच हितासाठी विनवितो की स्वतःचे हसे करून घेऊ नकोस. पाटीवर वर्ष नाही. ती ज्या थरात सापडली, त्या थरावरून ती इ. स. ४३ ते ५३ या दशकातील ठरली. म्हणजे रोमन सत्तेच्या पहिल्याच दहा वर्षांत लंडनला बाजार होता, सावकार होते व त्यांची कुचाळीही होती.

दुसरी पाटी त्याहून त्रोटक. पत्राच्या बाहेरील बाजूचा पत्ता एवढेच तिच्यावर आहे : ‘लोंदिनिओ मोगोंतिओ’, लंडनमध्ये मोगोंतिउस यास. दोन शब्द. परंतु यापूर्वी लंडनच्या नावाचा सर्वांत जुना उल्लेख म्हणून टॅसिटसच्या इतिहासग्रंथाकडे बोट दाखवीत, आणि तो ग्रंथ दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा. ही पाटी इ. स. ६५–७० ते ८० या काळातील, म्हणजे सुमारे चार दशके आधीची. मोगोंतिउस हे नाव केल्टिक घडणीचे आहे, म्हणजे ज्यांना रोमनांनी जिंकले त्या भाषाकुलातले. शिवाय व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे ‘लंडनमध्ये’ या अर्थी ईकारान्त रूप अपेक्षित असता येथे ओकारान्त रूप आले आहे. शाळेतील लॅटिन व पेठेतील लॅटिन यांमधील अंतर अशा एखाद्या अक्षरात दिसते, आणि त्या अंतराचा काळ ठरविणे हेच आपले काम. तो काळ येथे कोणी सांगितला? पाटीने नव्हे, लिपीच्या वळणानेही नेमका नव्हे. तो सांगितला मातीने, व ती माती नोंदणाऱ्याने. हीच पाटी उपसलेल्या ढिगाऱ्यात कोणास मिळाली असती, तर दोन शब्द तेच राहिले असते. परंतु टॅसिटसच्या आधीचे की नंतरचे, हे सांगण्याचे साधन उरले नसते. आणि बहुधा ती मिळालीच नसती, कारण चिखलाने माखलेली फळीची ढलपी यंत्रावरील माणसाला ढलपीच दिसते. धातुशोधक यंत्रही लाकडापुढे मुके असते.

मग हे सर्व उकरावेच कशाला, जमिनीखालीच सुरक्षित का राहू देऊ नये, असा आक्षेप येतो. धोरणाचा कल तसाच आहे. १९९१ मध्ये यॉर्क नगरासाठी झालेल्या एका अभ्यासाने अशी सूचना केली की, पायाची आखणी कुशलतेने केल्यास अवशेषांपैकी पाच टक्क्यांपेक्षा अधिक नष्ट होऊ नयेत. आकडा आकर्षक आहे. परंतु काँक्रीटचे खांब ज्या पाच टक्क्यांतून जातात, ते उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांचे परस्परसंबंध तोडतात. पुस्तकातील प्रत्येक विसावा शब्द खोडला तर पंचाण्णव टक्के पुस्तक शिल्लक राहते, त्यातला हा प्रकार. ओल्या मातीत तर आणखी अडचण आहे. शेजारच्या तळघरासाठी पाणी उपसले, भूजलाची पातळी खाली गेली व हवा आत शिरली, की लाकूड कोणाचा हातही न लागता कुजू लागते. वॉलब्रुकच्या पाट्या बाहेर काढल्यावर पाण्यातच ठेवाव्या लागल्या, त्यांत मेणासारखे रसायन मुरवावे लागले व मग गोठवून वाळवाव्या लागल्या, एवढ्यावरून त्यांची नाजूक प्रकृती ध्यानात येईल.

रोमन वस्तू हा केवळ परदेशीयांचा विषय नाही, याचीही येथे आठवण द्यावयास हवी. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळालेली पोसायडनची काशाची मूर्ती सर्वज्ञात आहे. ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी १९४५–४६ मध्ये तेथे केलेल्या उत्खननाचा वृत्तांत १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला व त्यामुळे त्या वस्तूंना सातवाहनकालीन नगराच्या थरांचा आधार लाभला. ब्रह्मपुरी आज नांदत्या शहराचा भाग आहे. आपला १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा, २०१० च्या दुरुस्तीसह, संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई करतो व त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण ठेवतो. म्हणजे त्याची मोजणी सुरू होते ती आधी ठाऊक असलेल्या वास्तूपासून. जे अद्याप कोणी पाहिलेलेच नाही, त्याच्यापासून अंतर मोजता येत नाही. आणि लंडनच्या पाट्या नेमक्या या वर्गातील होत्या.

मिथ्रासच्या मंदिराची कथा मात्र थोडी सुधारली. ब्लूमबर्गच्या नव्या इमारतीत, रस्त्याखाली सात मीटरवर, त्याची तिसऱ्यांदा मांडणी झाली व नोव्हेंबर २०१७ मध्ये ते लोकांस खुले झाले. ग्राइम्स यांच्या वेळच्या नोंदी व छायाचित्रे यांच्या आधारे दगड पुन्हा लावण्यात आले आणि सिमेंटच्या जागी चुना वापरण्यात आला. मूळ भिंतींचा काही भाग अद्याप मातीत असल्याचे आढळल्यामुळे नवी मांडणी मुद्दाम थोडी पश्चिमेस सरकविली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रेसचर्च स्ट्रीटवरील एका कचेरीच्या तळघरात, नव्या उंच इमारतीच्या योजनेपूर्वी घेतलेल्या चाचणी-खड्ड्यांतून, लोंदिनिउमच्या पहिल्या बॅसिलिकेच्या, म्हणजे न्यायदान व नगरव्यवहार जेथे चाले त्या सभागृहाच्या, भिंती लागल्याचे जाहीर झाले. पहिल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकातील ही वास्तू. खड्डे अगदी लहान होते, आणि वरच्या इमारतीत अद्याप कचेरी होती.